मागच्या इंजिनाचा वाद आणि पुढच्या चाकातली हवा

चिपळूण,
श्रावण

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. रत्नागिरीच्या बैठकीत कॉर्व्हेअर या जुन्या अमेरिकी गाडीवरून दोन तट पडले, एका बाजूने तिला माणसे मारणारी गाडी ठरवले, दुसऱ्या बाजूने अमेरिकी सरकारनेच तिला निर्दोष सोडल्याचा दाखला दिला, आणि या गदारोळात मामांकडून आलेली फोक्सवॅगन बीटल घाटात न्यावी की गुहागरच्या पडवीत झाकून ठेवावी, हा तुझा साधा प्रश्न कोणी ऐकूनच घेतला नाही, असे तू लिहिले आहेस. त्या बैठकीतल्या एकानेही कॉर्व्हेअर चालवलेली नसणार. मीही चालवलेली नाही. परंतु मागे इंजिन आणि मागे तसाच ऍक्सल असलेली बीटल मी या पट्ट्यात एकोणीस वर्षे चालवली, तिच्याखाली आडवे पडून कितीतरी सदरे वाया घालवले, आणि एकदा घाटात तिने मला चांगला हिसका दाखवला. तेवढ्या अधिकारावर हे लिहितो आहे.

असा वाद कानावर पडला की बोलणारा कोणत्या सालच्या गाडीबद्दल बोलतो आहे, हे आधी विचारत जा. शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेअर १९६० चे मॉडेल म्हणून बाजारात आणली. सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे ॲल्युमिनियमचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असल्यामुळे गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर येत असे. १९६० ते १९६३ या चार वर्षांत मागे स्विंग ऍक्सल होता आणि पुढे गाडीचे कलणे रोखणारा दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, मूळ गाडीसोबत येत नव्हता. १९६४ मध्ये तो दांडा आला आणि मागे आडवा पाटाही, म्हणजे पाट्याची स्प्रिंगही, आली. १९६५ च्या मॉडेलमध्ये तर मागचे सस्पेन्शनच नव्याने आखले गेले आणि वळणावर मागची पकड सुटण्याची तक्रार मुळातूनच संपली. म्हणजे कॉर्व्हेअर या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या स्वभावांच्या गाड्या आहेत. तुझ्या बैठकीतला एक गृहस्थ १९६१ ची गाडी डोळ्यांपुढे ठेवून बोलत होता आणि दुसरा १९६६ ची, असे झाले असेल तर ते दोघे भांडत नव्हतेच, आपापल्या जागी बरोबर बोलत होते.

आता स्विंग ऍक्सल म्हणजे काय ते शब्दांनी समजावण्यापेक्षा मामांच्या बीटलचा मागचा भाग जॅकवर चढव आणि मागे चार पावलांवर जाऊन उभा राहा. दोन्ही चाकांच्या खालच्या कडा एकमेकींकडे ओढल्या गेलेल्या दिसतील आणि वरच्या कडा बाहेर फेकल्यासारख्या दिसतील. ऍक्सलच्या प्रत्येक अर्ध्या भागाला सांधा फक्त आत, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलपाशी आहे; चाकापाशी सांधा नाही, त्यामुळे अर्धा ऍक्सल जसा झुकेल तसे चाक त्याच्यासोबत तिरके होते. जॅक उतरवल्यावरही चाके लगेच सरळ होत नाहीत. गाडी हाताने पाच-सात फूट ढकललीस की मग ती चाके हळूहळू पसरून मूळ जागी येतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी एवढेच दाखवत असे आणि दुपारपर्यंत काही बोलत नसे.

जे जॅकवर सावकाश दिसते, तेच जोरात घेतलेल्या वळणावर क्षणात घडू शकते. गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला लोटले जाते, मागचा भाग किंचित वर उचलला जातो, बाहेरचे चाक आत दुमडते, रस्त्याला टेकलेला रबराचा पट्टा अरुंद होतो आणि पकड सुटते. तशात मागे इंजिनाचे ओझे असेल तर सुटलेली शेपूट आवरणे अधिक कठीण जाते. या रचनेवरचा स्वस्तातला उतारा म्हणजे पुढची पकड मुद्दाम थोडी कमी ठेवणे, जेणेकरून मागच्या आधी पुढची चाके घसरू लागावीत आणि चालवणाऱ्याला वेळेवर इशारा मिळावा. म्हणूनच सुरुवातीच्या कॉर्व्हेअरसाठी कंपनीने थंड टायरमध्ये पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड हवा सांगितली होती. हा फरक चुकून पडलेला नाही; दांडा दिला नव्हता, त्याचे काम हवेकडून करून घेतले होते.

आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ इथेच आहे. हवा भरणारा पंपावरचा पोरगा काही गाडीची पुस्तिका वाचून हवा भरत नाही. माझ्या बाबतीत हेच झाले. जून महिन्यात कराडहून परत येताना एका पंपावर मी चारी चाकांत हवा भरून घेतली आणि भरताना खाली उतरण्याचा आळस केला. त्याने सगळीकडे सारखी अठ्ठावीस भरली. कुंभार्ली घाट उतरताना पहिला पाऊस नुकता पडून गेला होता आणि डांबरावर तेलकट चकाकी होती. एका डाव्या वळणावर समोरून एसटीचा भोंगा ऐकला आणि मी घाबरून ऍक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. वजन पुढे धावले, पुढच्या चाकांनी हवी त्याहून जास्त पकड घेतली, मागचा भाग हलका झाला आणि गाडी आपल्याच भोवती फिरून कठड्यापासून हातभर अंतरावर, तोंड पुन्हा कराडकडे करून उभी राहिली. एसटीच्या चालकाने काच खाली करून मला जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही, परंतु त्यातला एकही शब्द गैरलागू नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावले तेव्हा कारण कळले; पुस्तिकेत पुढे सोळा पौंडांच्या आसपास आणि मागे चोवीस असे लिहिलेले होते. चूक पोराची म्हणावी तर त्याला मी काही सांगितलेच नव्हते. मात्र त्या दिवसापासून मला एक प्रश्न सतावतो: ज्या यंत्राची सुरक्षितता पंपावरच्या अनोळखी माणसाच्या सवयीवर टांगलेली आहे, ते यंत्र आखणाऱ्याने आपले काम पुरे केले असे म्हणता येईल का?

रॅल्फ नेडर या अमेरिकी वकिलांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचा रोख असाच होता. ते प्रकरण कॉर्व्हेअरबद्दल आहे. उरलेली सात प्रकरणे छातीत घुसणारे स्टेअरिंगचे दांडे, धूर, पादचारी आणि एकूण उद्योगाची वृत्ती यांबद्दल आहेत, आणि ती वाचलेला माणूस मला या वादात क्वचितच भेटला. शिवाय पुस्तक आले तेव्हा नव्या सस्पेन्शनची कॉर्व्हेअर दुकानांत येऊन वर्ष उलटले होते. म्हणजे ज्या गाडीवर टीका झाली ती कारखान्यातून निघणे थांबले होते आणि बदनामी मात्र सुधारलेल्या गाडीच्या वाट्याला आली. गाडीचा खप कोसळला त्याचे सारे श्रेय त्या पुस्तकाला देणारेही अर्धेच सांगतात, कारण एप्रिल १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आली होती आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळले होते. १९६९ साली अवघ्या सहा हजार गाड्या काढून कॉर्व्हेअर बंद झाली.

आता दुसऱ्या पक्षाचा हुकमी पत्ता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअरची त्या काळातल्या इतर गाड्यांशी तुलना करणाऱ्या चाचण्या करवून घेतल्या आणि १९७२ मध्ये अहवाल दिला की, या गाडीत ताबा सुटण्याची किंवा उलटण्याची शक्यता अवाजवी नाही आणि तिचे वागणे समकालीन गाड्यांच्या तोडीचे तरी आहे. हा अहवाल खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु तो वाचताना तुलना कोणाशी केली होती ते पाहा. फोर्ड फाल्कन आणि प्लायमाउथ व्हॅलिअंट या पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्यात होत्या, तशाच बीटल आणि रेनॉची डॉफिन याही होत्या, आणि या शेवटच्या दोघी मागे इंजिन व स्विंग ऍक्सल असलेल्या. वर्गातल्या इतर मुलांइतके गुण मिळाले हे एक उत्तर झाले; अभ्यास पुरेसा केला होता का, हा प्रश्नच निराळा. अहवालाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले, नेडर दुसरा प्रश्न विचारत होते, आणि तुझी मंडळी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नावर चिकटवत बसली आहेत.

शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्स कंपनीने नेडर यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले आणि मार्च १९६६ मध्ये तिचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली, ही गोष्टही कोणीतरी सांगितली असेलच. ती रंजक आहे, आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा होण्यात तिचा वाटाही असावा. ऍक्सलबद्दल मात्र ती काहीही सिद्ध करत नाही. वाईट वागणाऱ्या माणसाची गाडी चांगली असू शकते आणि उलटही.

मागे इंजिन म्हणजे मरण, असे म्हणणाऱ्यांनी रोज स्टेशनवर जाताना ज्या रिक्षात बसतो तिचे इंजिन कुठे असते ते एकदा वाकून पाहावे. थट्टा राहू दे, पण दोष एकट्या इंजिनाच्या जागेचा नाही, हे आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डवरूनही दिसते. तिचे इंजिन पुढे होते आणि तरीही मागे स्विंग ऍक्सल असल्यामुळे चाके आत दुमडण्याची खोड तिच्यात होती. पुढे स्टँडर्डचीच गॅझेल आली तेव्हा मागे साधा एकसंध ऍक्सल बसवला गेला. याउलट पोर्शेने ९११ मध्ये इंजिन मागेच ठेवले, १९६९ च्या मॉडेलसाठी पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले आणि टायर, सस्पेन्शन यांवर वर्षानुवर्षे काम करत ती गाडी माणसाळवली. आणि मागच्या इंजिनाचे सुख मी नाकारणार नाही. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या चढावर, जिथे शेजाऱ्यांची पद्मिनी चाके गरगर फिरवत बसायची, तिथे माझी बीटल मागच्या वजनाच्या जोरावर गुमान चढून जात असे.

तुझ्या गाडीबद्दल म्हणशील तर ती झाकून ठेवू नकोस, पण घाटाआधी थोडे काम कर. गाडी कोणत्या सालची आहे ते कागदांवरून पक्के कर, कारण अमेरिकेसाठी बनलेल्या १९६९ पासूनच्या बीटलना मागे दोन सांध्यांचा ऍक्सल आहे आणि मामांची गाडी कोणत्या बाजारासाठी बनली होती हे आपल्याला ठाऊक नाही. टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का वाच. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी कोरी करकरीत असली तरी दहा वर्षांचे रबर ओल्या डांबरावर साबणासारखे वागते. चारीही टायर एकाच जातीचे असू देत. पुढे रेडियल आणि मागे जुन्या धाटणीचे अशी भेसळ कोणी केली असेल तर आधी ती काढ. गुहागरच्या खाऱ्या वाऱ्यात वीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीची जमीन पायदाणाखाली शाबूत आहे का, हे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा, कारण सीटचा पट्टा ज्या पत्र्याला अडकतो तो पत्राच गंजला असेल तर ऍक्सलवर वाद घालण्यात काही अर्थ नाही. ब्रेकचे तेलही बदल. आपल्या हवेत ते पाणी शोषून घेते. मग पहिले काही दिवस सपाट रस्त्यावर चालव, वळणाआधी वेग कमी कर आणि वळणात पाय एकदम उचलू नकोस.

गणपती झाल्यावर गाडी घेऊन इकडे ये. आपण ती जॅकवर चढवू आणि परशुराम घाटात सावकाश एक फेरी मारू. येताना हवेचे गेज स्वतःचे आण. माझे हल्ली दोन पौंड जास्त दाखवते.

तुझा,
काका