मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला स्क्रॅच शिकवावे की पायथन?

आपण लिहिले आहे की शाळेला दहा संगणक मिळाले आहेत, सहावी ते आठवीचे वर्ग आपल्याकडे आहेत, वर्षअखेरीस मुलांनी ‘कोडिंग’ करून दाखवावे अशी संस्थाचालकांची अपेक्षा आहे आणि सुरुवात स्क्रॅचने (रंगीत ठोकळे जोडून संगणकाला आज्ञा देण्याची मुलांसाठीची भाषा) करावी की पायथनने (आज्ञा टाइप करून लिहायची भाषा) हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या सत्रात या प्रश्नाची पाळीच येत नाही. एखादे काम ठरावीक पायऱ्यांनी, कोणतीही पायरी गृहीत न धरता आणि कमीत कमी श्रमांत कसे पार पाडता येईल, याचा अभ्यास म्हणजे संगणकशास्त्र. त्याची सुरुवात यंत्राला हात न लावता अधिक चांगली होते.

साताऱ्याच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत मी गणिताबरोबर संगणकाचा तास घेत असे. ते भारनियमनाचे दिवस होते आणि वीज नेमकी शाळेच्या वेळेत जात असे. अशा वेळी मी वर्ग मैदानावर नेई. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे अनेक उपक्रम तयार केले आहेत. त्यांतल्या एका उपक्रमात मैदानावर फक्कीने रेषांचे आणि वर्तुळांचे जाळे आखायचे असते. सहा मुलांच्या हाती सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि दोघे जण ज्या वर्तुळात भेटतील तिथे लहान आकडा असणाऱ्याने डावीकडची, तर मोठा आकडा असणाऱ्याने उजवीकडची रेषा धरायची. कोणी कोणाला जागा दाखवत नाही, तरी पलीकडच्या टोकाला सहाही मुले चढत्या क्रमाने उभी राहतात. यात एकूण १२ तुलना होतात, परंतु एकाच वेळी दोन किंवा तीन जोड्या भेटत असल्यामुळे सगळे काम पाच टप्प्यांत संपते. शेजारशेजारच्या आकड्यांची एकामागून एक अदलाबदल करत गेल्यास १५ तुलना कराव्या लागू शकतात, आणि त्याही एकेक करून. मुले विचारत की दोघांचे आकडे सारखेच असले तर काय करायचे, आणि एक जण वर्तुळात आधी पोचला व जोडीदाराची वाट न पाहता पुढे गेला तर काय होईल. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सातवीतल्या एका मुलीने मुद्दाम न थांबता पुढे जाऊन सर्वांना दाखवले. तिच्यामागचा सगळा क्रम बिघडला आणि वाट पाहणे हीसुद्धा एक पायरी असते, हे मला फळ्यावर लिहावे लागले नाही.

अशाच एका तासाला तपासणीचे पथक आले. पथकातील अधिकाऱ्यांनी संगणक कक्षातील झाकून ठेवलेली यंत्रे पाहिली, मैदानावरची मुले पाहिली आणि ‘संगणकाच्या तासिकेस विद्यार्थी मैदानावर आढळले, संगणकांचा वापर होत नाही’ असा शेरा लिहिला. मी उपक्रम समजावून सांगू लागले, तेव्हा मुलांना वर्डमध्ये अर्ज टाइप करता येतो का, एवढेच त्यांनी विचारले. मुलांना तो येत होता, तरी शेरा बदलला नाही. तो शेरा चुकीचा होता, असे मी आजही म्हणते.

कारण त्याच वर्गाने पुढे केलेले काम मी पाहिले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला मुंबई-पुण्याहून माजी विद्यार्थी येत आणि त्यांना बहुधा आपले नाव व अंदाजे साल एवढेच सांगता येई. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद ज्यात असते ते जनरल रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने भरलेले असते. क्रमांक ठाऊक असेल तर मध्यभागी उघडून नको तो अर्धा भाग सोडत गेल्यास १००० नोंदींमधली हवी ती नोंद जास्तीत जास्त १० वेळा पाहून सापडते. केवळ नाव ठाऊक असेल तर ओळीमागून ओळ वाचण्याला पर्याय नसतो. मनात धरलेला आकडा असाच अर्धा भाग सोडत ओळखण्याचा खेळ खेळलेल्या मुलांना लिपिकांचा वेळ कुठे जातो ते लगेच उमगले आणि नावांची अकारविल्हे यादी करावी, असे त्यांनीच सुचवले.

कार्यालयात रूढ असलेल्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये त्यांनी नावे टाइप केली, क्रम लावण्याची आज्ञा दिली आणि यादी अस्ताव्यस्त झाली. पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले तरी संगणकापाशी त्या जागी इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवलेला होता. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून नावे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्यावर यादी जवळजवळ बरोबर लागली. फक्त ‘काळे’ हे आडनाव ‘काशिद’च्या आधी आले. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो ‘ल’ला लागून आहे. संगणकाला वर्णमाला ठाऊक नसते, कोणीतरी नेमून दिलेला क्रम तो पाळतो आणि तो क्रम आपल्या भाषेसाठी आपल्याला नेमून द्यावा लागतो, हे या मुलांना आठवीत समजले होते. असे शिकवणाऱ्या वर्गाला ‘वापर होत नाही’ म्हणणे हा यंत्राच्या पडद्याकडे पाहून शिक्षण मोजण्याचा प्रकार आहे.

हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीने २०१२ साली शालेय संगणक शिक्षणावर कठोर अहवाल दिला. बरेच शिक्षण वर्ड प्रोसेसरसारख्या प्राथमिक कौशल्यांपाशी थांबते, ही त्यातली मुख्य तक्रार होती. २०१४ पासून तिथला अभ्यासक्रम बदलला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत, परंतु अनेक संस्था त्याचा अर्थ विकत घेतलेले पॅकेज असा लावतात.

आता आपला प्रश्न. सहावी-सातवीला स्क्रॅच घ्यावे, कारण ते इंटरनेटशिवाय चालते आणि टंकलेखनाच्या चुकांत मुले अडकत नाहीत. आठवीच्या दुसऱ्या सत्रात पायथन घ्यावे आणि चलांना ‘बेरीज’, ‘गुण’ अशी देवनागरी नावे देऊ द्यावीत, पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ते चालते. एका संगणकावर शक्यतो दोनच मुले बसवावीत आणि कळफलक दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या हाती जावा, नाहीतर वर्षभर एकच जण शिकतो.

वर्ड किंवा एक्सेल निरुपयोगी आहेत, असे मला म्हणायचे नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना तो हाताळायला शाळेतच मिळायला हवा, आणि तेवढ्यासाठी वेगळी तासिका जरूर ठेवावी. जनरल रजिस्टरचे काम हाती घेतलेत तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. त्यात जात, जन्मतारीख अशा नोंदी असतात, म्हणून मुलांना केवळ नाव, क्रमांक आणि प्रवेशाचे साल उतरवलेले वेगळे कागद द्यावेत. मैदानावरच्या प्रत्येक तासाचा उद्देश टाचणात (पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत) आदल्या दिवशी सविस्तर लिहून ठेवावा आणि तपासणीला आलेल्यांनी वर्डविषयी विचारले, तर मुलांना जाळ्यावर उभे करून पथकातील एकाच्या हातीही आकड्याची चिठ्ठी द्यावी.