पुस्तक काढलं की लेकरू तोंड फिरवतंय

कोल्हापुरातल्या एका बालरुग्ण कक्षात सहा वर्षांचा मुलगा न्यूमोनियासाठी दाखल होता. छातीत पाणी झाल्यामुळे कुशीत नळी, उजव्या हाताला सलाइन. पाचव्या दिवशी आईनं समुपदेशकाला गाठलं. "ताई, पुस्तक काढलं की तोंड फिरवतंय बघा. मोबाईल दिला की गप्प. आता ह्याला गोष्टी नकोच झाल्यात का?" दवाखान्यात मुलाजवळ बसलेल्या पुष्कळ आया हेच विचारतात.

आधी पुस्तक पाहिलं. दोनशे पानांचा, पुठ्ठा बांधणीचा बोधकथांचा संग्रह. निजलेल्या मुलाला तो पेलवत नव्हता. आई सलाइनच्या बाजूला बसायची, त्यामुळे मोकळा डावा हात पानापर्यंत पोचत नव्हता. वाचायची वेळ नेब्युलायझर, म्हणजे मास्कमधून वाफेसारखं द्यायचं औषध, झाल्या झाल्या. त्यातल्या औषधानं काही मुलांची छाती धडधडते, हात थरथरतात. त्यात रोजचा सौदा : औषध घे, मग गोष्ट. अशानं गोष्ट औषधाइतकीच नकोशी होते.

पण खरी गाठ पुस्तकातल्या तिसऱ्या कथेत होती. आईचं न ऐकणारा पोरगा पावसात भिजतो, आजारी पडतो आणि मग शहाणा होतो. ती ऐकल्यापासून मुलानं पुस्तकच नाकारलं होतं. कापडी बाहुल्याला नळी चिकटवून 'ह्याला काय झालंय?' असं विचारल्यावर तो म्हणाला, "रंकाळ्यावर भिजला म्हणून नळी घातली." या वयाच्या मुलांना आजार ही शिक्षा वाटू शकते, आणि बोधकथा त्यावर शिक्का मारते. म्हणून स्पष्ट सांगावं लागतं : "तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. जंतूंमुळे छातीत पाणी साठलं, ते नळीतून बाहेर येतंय." एकदा सांगून भागत नाही. 'काही दुखणार नाही' असं मात्र कधीच म्हणू नये. दुखलं, की पुढच्या शब्दावर मूल विश्वास ठेवत नाही.

मग पुस्तकं बदलली. सोळा ते चोवीस पानांची, मधोमध पिन मारलेली, मोठ्या चित्रांची. तीन समोर धरायची, निवड त्याची. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. वडील करवीर नगर वाचन मंदिरातून काही आणायच्या विचारात होते. 1850 पासूनचं हे ग्रंथालय घरी गेल्यावर जरूर वापरावं. पण हाताळलेल्या पुस्तकाची आतली पानं निर्जंतुक करता येत नाहीत, आणि धुळीनं खोकला वाढतो. वॉर्डात नवं किंवा त्याच मुलाचं पुस्तक बरं. शेजारच्या खाटेवर द्यायचं तर आधी सिस्टरना विचारावं. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला वापरलेलं पुस्तक देऊच नये.

वेळ ठरली ती ताप उतरल्यावरची, पाच ते दहा मिनिटं. बसायचं सलाइन नसलेल्या बाजूला, पान त्यानंच उलटायचं. त्यानं तळहात दाखवला, की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. हे आईला जड गेलं. गोष्ट पुरी करायची आपल्याला घाई असते. पण दवाखान्यात मुलाला 'नको' म्हणता येईल असं फार थोडं असतं. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तरी द्यावी, पुढं काय होणार हे ठाऊक असण्यातच त्याला धीर असतो. सुईच्या वेळी नवी गोष्ट काढू नये. पाठ असलेली, पालुपदाची घ्यावी आणि पालुपद मुलाला म्हणू द्यावं. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट याला फार उपयोगी. हसवणाऱ्या गोष्टी मात्र कुशीत नळी असेतो बेतानं. जोरात हसलं की कळ येते.

मोबाईल बंद केला नाही. लांबलचक दुपारी तोही लागतो. फक्त आई सांगत असताना तो उशाखाली.

सातव्या दिवशी त्यानं पुस्तक बाजूला सारून घरच्या बैलांचं विचारलं. पुस्तक नसलं तरी चालतं, हे तेव्हा आईच्या ध्यानात आलं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल कसे धुतले, झूल कुणी घातली, पोळी कुणी चारली, हे ती रोज थोडं थोडं सांगू लागली. शिंगांचा रंग तो ठरवायचा. नळी काढायच्या दिवशी, सिस्टर पट्टी सोडवत असताना, एक शिंग हिरवं झालं होतं आणि दुसऱ्याला गुलाबी लावायचं चाललं होतं.