वाचकांचे प्रश्न: रेड ठणठणीत, तरी सर्व्हर बूट होईना

प्रश्न: आमच्याकडे एक २यू रॅक सर्व्हर आहे, हार्डवेअर रेड कार्डवर (अनेक डिस्क जोडून एकच डिस्क म्हणून दाखवणारं कार्ड) ४ डिस्कचं रेड ५ आणि त्यावर लिनक्स. मदरबोर्ड गेला म्हणून बदलून घेतला, कार्ड आणि डिस्क जुन्याच आहेत. आता चालू केला की 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं. रेडच्या मेनूत व्हर्च्युअल डिस्क 'ऑप्टिमल' दिसते. ओळखीतला एक जण म्हणतो इनिशियलाइझ करून टाक, मग दिसायला लागेल. करू का?

उत्तर: अजिबात नको! इनिशियलाइझ म्हणजे पुसणं. 'फास्ट' वाला पर्याय घेतला तरी तो सहसा डिस्कचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग पुसतो, आणि जीपीटीचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) नेमकं सुरुवातीला आणि त्याची बॅकअप कॉपी शेवटी असते, म्हणजे दोन्ही एकदम गेले. सल्ला देणाऱ्याचं काय जातंय.

ऑप्टिमल दिसतंय ना, मग ॲरेला, म्हणजे डिस्कच्या त्या जोडणीला, काही झालेलं नाही. जुना बायोस (बोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) डिस्कचा पहिला सेक्टर उचलून चालवायचा, त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयचं तसं नाहीये, त्याच्याकडे एनव्हीरॅममध्ये (बंद केलं तरी टिकणारी मेमरी) नोंद असते की अमुक पार्टिशनवरची अमुक फाईल चालव, आणि ही एनव्हीरॅम असते मदरबोर्डवर. तुमचं लिनक्स यूईएफआयमध्ये इन्स्टॉल केलेलं असेल तर बोर्ड गेला तशी नोंदही गेली.

आता मला सांगा, तो रेडचा मेनू तुम्ही उघडला कुठून? चालू होताना कंट्रोल आणि कुठलंतरी अक्षर दाबून उघडला असेल तर कार्डचा लेगसी ऑप्शन रॉम (कार्डवरचा बूटच्या वेळचा ड्रायव्हर) चालतोय, म्हणजे नवीन बोर्ड बहुतेक लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडवरच आलाय. सेटअपमध्ये बूट मोड यूईएफआय करा आणि त्या स्लॉटचा ऑप्शन रॉमही यूईएफआय करा, हे दुसरं लोक हमखास विसरतात, मग कार्डचा ड्रायव्हरच लोड होत नाही आणि फर्मवेअरच्या लेखी तुमची डिस्क अस्तित्वातच नसते. बरोबर झालं असेल तर कार्डचा मेनू सेटअपच्या आतच दिसायला लागतो. तरी दिसला नाही आणि कार्ड जुनं असेल तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून बघा, ड्रायव्हरवर सही नसेल तर ते त्याला अडवतं.

इतकं झालं की यूईएफआय शेल (फर्मवेअरमधली कमांड टाइप करायची जागा) उघडा आणि 'मॅप' टाइप करा. यादीत 'एफएस०' सारखं काही आलं तर फॅट पार्टिशन वाचता येतंय (पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तो काढा, नाहीतर उगाच त्यालाच ईएसपी, म्हणजे बूटच्या फाइलींचं फॅट पार्टिशन, समजाल). नुसतंच 'बीएलके' येत असेल तर डिस्क दिसते पण तिच्यावर फॅट सापडत नाहीये, मग लाइव्ह यूएसबीने (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) ईएसपी तपासावं लागेल.

एफएस दिसलं तर निम्म्याहून जास्त काम झालं. बूट मेनूतून 'बूट फ्रॉम फाईल' घ्या, ईएफआय फोल्डर, त्यात तुमच्या डिस्ट्रोचं (उबंटू वगैरे) फोल्डर, त्यात शिमएक्स६४ नावाची फाईल (ही पुढे ग्रब हा बूटलोडर चालू करते), ती निवडली की सिस्टिम उठायला हवी. पण हे त्या एका वेळेपुरतंच असतं, म्हणून आत गेल्या गेल्या ईएफआयबूटएमजीआर या कमांडने पक्की नोंद करा. डिस्क, पार्टिशन नंबर आणि फाईलचा पाथ द्यायचा, पाथमध्ये उलटे स्लॅश असतात, तो सिंगल कोट्समध्ये टाका नाहीतर बॅश ते स्लॅश गिळून टाकतो आणि नोंद झालेली दिसते पण बूट काही होत नाही.

ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ नावाची फाईल आहे का तेही बघून ठेवा. नोंद नसली की फर्मवेअर शेवटी तीच शोधतं. काही डिस्ट्रो ती आपणहून टाकतात, काही नाही. शिम कॉपी करून तिथे ठेवणार असाल तर ग्रबची फाईलही त्याच फोल्डरात लागते.

प्रश्न: सॉफ्टवेअर रेड १ (दोन डिस्कवर तोच डेटा, म्हणजे मिरर) आहे, एमडीॲडम हे लिनक्सचं टूल वापरून. पहिली डिस्क मेली तर दुसरीवरून बूटच होत नाही, मग मिररचा उपयोग काय?

उत्तर: मिरर रूट पार्टिशनचा आहे हो, ईएसपी मात्र एकट्या पहिल्या डिस्कवर होतं. लाइव्ह यूएसबीने बूट करा, यूईएफआय मोडमध्येच, सिसच्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय दिसलं म्हणजे बरोबर. दुसऱ्या डिस्कवर फॅट३२ चं ईएसपी बनवा, रूटमध्ये क्रूट करून (म्हणजे तुमच्या सिस्टिमच्या आत शिरून) बूटलोडर टाका, आणि एफएसटॅबमधला (बूट होताना जोडायच्या पार्टिशनची यादी) ईएसपीचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलून 'नोफेल' (सापडलं नाही तरी पुढे जा) लावा, नाहीतर मेलेल्या डिस्कची वाट बघत सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल.

ईएसपीचंच रेड १ करता येतं पण मेटाडेटा (रेडची स्वतःची माहिती) १.० घ्यावा लागतो, तो पार्टिशनच्या शेवटी असतो. नेहमीचा १.२ सुरुवातीजवळ बसतो आणि मग फर्मवेअरला फॅट दिसत नाही. मला स्वतःला दोन वेगळी ईएसपी बरी वाटतात, कारण फर्मवेअरने एखाद्या डिस्कवर काही लिहिलं तर एमडीॲडमला पत्ताच लागत नाही. फक्त ग्रब अपडेट झाला की दुसरीकडे कॉपी करायचं लक्षात ठेवा.

प्रश्न: लेगसीमध्ये इन्स्टॉल केलेला सर्व्हर आहे, सेटिंग यूईएफआय केलं तर बूट बंद. डेटा गेला का?

उत्तर: नाही गेला. त्या डिस्कवर ईएसपीच नसणार. सेटिंग परत लेगसी करा, उठेल.