बॅटरीच्या जागी इवलेसे इंजिन का बसवत नाहीत?

आपण विचारले आहे की पेट्रोलमध्ये बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा असताना लॅपटॉपमध्ये एखादे इवलेसे इंजिन का बसवत नाहीत. आपल्या प्रश्नामागचा हिशेब बरोबर आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन बॅटरीत जेमतेम पाव किलोवॅट-तास. म्हणजे इंजिनाने त्यातल्या दहा टक्के ऊर्जेचीच वीज केली, तरी ते इंधन त्याच वजनाच्या बॅटरीच्या जवळजवळ पाचपट वीज देईल.

अडचण येते ती आकाराची. ८ सेंटिमीटर व्यासाचे सिलिंडर सर्व बाजूंनी दहापट लहान केले, तर त्याचे घनफळ हजारपटीने घटते, पण भिंतींचे पृष्ठफळ फक्त शंभरपटीने. साहजिकच जळणाऱ्या वायूची उष्णता दहापट मोठ्या वाटेने बाहेर पळू लागते. शिवाय अगदी अरुंद जागेत ज्योत विझतेच. हायड्रोकार्बन इंधनांसाठी ही मर्यादा साधारण २ मिलिमीटर आहे, आणि खाणीतल्या डेव्ही दिव्याची जाळी ज्योत बाहेर जाऊ देत नाही ती याच गुणामुळे.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये अ‍ॅलन एप्स्टाइन यांच्या गटाने १९९० च्या दशकात सिलिकॉनच्या चकत्या कोरून नखावर मावेल असे गॅस टर्बाइन घडवायला घेतले. ज्वलनासाठी त्यांनी आधी हायड्रोजन निवडला, कारण त्याची ज्योत अधिक अरुंद जागेत टिकते. काही मिलिमीटरचे चाक मिनिटाला दहा लाखांहून अधिक फेऱ्यांनी फिरवून दाखवण्याचे काम त्यांनी केले, आणि ते मला आजही विलक्षण वाटते. मात्र सिलिकॉन उष्णतेचा चांगला वाहक असल्याने टर्बाइनची धग थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचते, आणि तापलेली हवा दाबायला शक्ती जास्त लागते.

महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई विभागात असताना मी मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारी विमान-प्रतिकृतींची इंजिने हाताळली आहेत. मुठीत मावणारे ते इंजिन दोन मिनिटांत बोट लावता येणार नाही इतके तापत असे. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न उष्णतेचाच आहे: २० वॅटचा लॅपटॉप दहा टक्के कार्यक्षमतेच्या इंजिनावर चालवायचा, तर १८० वॅट उष्णता मांडीवरून बाहेर टाकावी लागेल, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड वेगळेच. मोकळ्या हवेत तासन्तास उडणाऱ्या ड्रोनसाठी मात्र लहान इंजिन आणि बॅटरी यांची जोडी आजही वापरली जाते, कारण तिथे वाऱ्याचा झोत फुकट मिळतो.