रिपोर्टात ‘व्हीयूएस’ आलंय? आधी हे वाचा

ताई, मुलाच्या हृदयाच्या आजारासाठी केलेल्या जनुक चाचणीत ‘व्हीयूएस’ (अर्थ अजून न ठरलेला जनुकातला बदल) आलंय, आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. जनुकाचं नाव बाजूला ठेवा, त्याच्यापुढचा शेरा बघा. ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ (बहुधा आजार घडवणारा) असेल, तरच त्या बदलावरून घरच्यांची जनुक चाचणी करायची. तुमच्या मुलाला ‘व्हीयूएस’ आलंय, म्हणजे तो बदल दोषी की निर्दोष हे आज ठरत नाही. त्याच्या हृदयाची भिंत जाड आहे, हे निदान एकोवरचं, ते तसंच राहतं. भावंडांचा आणि तुम्हा दोघांचा ईसीजी, टूडी एको मात्र चुकवू नका.

आमच्याकडे धाकट्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मी पेढे वाटले. थोरल्याच्या आजाराचं जनुक कुणी शोधलंच नव्हतं! घरातला दोषी बदल आधी सापडला असेल, तरच अशा निगेटिव्हवर विसंबता येतं.

एमवायबीपीसी३ या हृदयाच्या स्नायूशी संबंधित जनुकात डीएनएच्या २५ अक्षरांची गळती दिसली तर दचकू नका. भारतात ती साधारण शंभरातल्या चौघांत असते, आणि त्यातल्या अनेकांचं हृदय ठणठणीत असतं.

व्हीयूएसचा शेरा पुढे बदलू शकतो. फाईलवर रिपोर्टची तारीख ठळक लिहा आणि दोनेक वर्षांनी जेनेटिक काउन्सेलरना पुन्हा विचारा.