३५ प्रोफेसरांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. पोस्टडॉक नक्की मिळतो कसा?

तुम्ही या प्रश्नासोबत लिहिलंय की मटेरियल सायन्समधला पीएचडीचा थिसिस सबमिट झालाय, वय ३३, आणि घरी दापोलीला सगळे विचारतायत की आता तरी नोकरी बघणार का. आमच्या रत्नागिरीतपण तेच, काका म्हणालेले, "म्हणजे परत शिकायचंच काय?" शिकायचं नाय, पगार मिळतो असं सांगितल्यावर गप्प झाले. आणि खरंच, पोस्टडॉक ही डिग्री नाही, पीएचडीनंतर एखाद्या प्रोफेसरांच्या लॅबमध्ये रिसर्च करायची दोन-तीन वर्षांची कंत्राटी नोकरी आहे. गावाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर करूच नका, उगाच वर्षं जातील. आयआयटीत जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनला पीएचडीनंतरचा ३ वर्षांचा अनुभव मागतात.

आता मेलचं. माझे पहिले मेल बहुतेक तुमच्यासारखेच होते, रिस्पेक्टेड सर, खाली पाच पानी सीव्ही, आणि एकात तर आधीच्या प्रोफेसरांचं नाव तसंच राहिलेलं, सेंड दाबल्यावर दिसलं. असले मेल त्यांना रोज ढिगाने येतात, कोण वाचणार.

माझं काम गंजाचं. मिरकरवाड्याच्या जेटीवरून स्टीलच्या पट्ट्या दोरीने पाण्यात सोडायच्या, महिन्यामहिन्याने काढायच्या, घासायच्या, वजन करायचं. जिथे कवचवाले जीव चिकटलेले असायचे तिथे खरवडल्यावर खाली बारीक खड्डे दिसायचे. मग एकाच प्रोफेसरांना आठ ओळी लिहिल्या, की तुमच्या पेपरात टेस्ट ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात केलीय, आमच्या समुद्रात तीच पट्टी अशी गंजते, हा फोटो, यावर तुमच्याकडे काम करता येईल का. चार दिवसांत उत्तर आलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी जुलैचा पाऊस, लाइट गेलेली, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर बसून दिला आणि पत्र्यावरचा आवाज एवढा की अर्धे प्रश्न परत विचारायला लावले, तरी झालं.

पैशाचे दोन रस्ते. एक म्हणजे प्रोफेसरांच्या प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट, २०२३ पासून सुरुवातीचा दर महिना ५८,००० अधिक घरभाडं, पण प्रोजेक्ट संपला की तुम्हीपण संपलात. दुसरा म्हणजे स्वतःची फेलोशिप. आधी एसईआरबी ही रिसर्चला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था द्यायची ती नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप आता तिच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे गेलीय, थिसिस सबमिट झाला असेल तरी अर्ज चालतो, पण वयाची अट ३५ आहे (महिला, एससी, एसटी, ओबीसी यांना ५ वर्षं सवलत), म्हणून ती आधी भरा, उद्यावर टाकू नका. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपमध्ये वय बघत नाहीत, पीएचडीनंतरचा रिसर्चचा अनुभव ८ वर्षांच्या आत हवा, मात्र अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत व्हायवा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, झालेला पाहिजे, त्यामुळे गाइडच्या मागे लागा.

आणि हो, कुठेही हो म्हणायच्या आधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एखाद्या पोस्टडॉकला फोन करा. मी दुसऱ्या ठिकाणी नाही केला, तिथे ग्रँट लेट झाली आणि पाच महिने एक पैसा आला नाही, घरून आंब्याची पेटी यायची तीच काय ती कमाई.

तुमच्या त्या मेलचा मजकूर, नावं काढून, कमेंटमध्ये टाका. रविवारी बघतो.