गॅदरिंग होऊ दे, पण जेवणानंतरचा तास सोडू नकोस

प्रिय,

तुझं ऑफर लेटर वाचलं. म्युझिक आणि ड्रामा असिस्टंट, पाचगणीचं बोर्डिंग, राहणं-जेवण शाळेकडून. खूप आनंद झाला गं. पण त्यात ‘शाळा सांगेल ती इतर कामं’ अशी एक ओळ आहे ना, तिच्याबद्दल आधी बोलते, कारण कॅम्पसवरच राहणाऱ्या माणसाचा सगळा वेळ त्या ओळीत जातो. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, रात्रीची डॉर्म ड्युटी किती वेळा, मे महिन्यात खोली ठेवता येणार की रिकामी करायची, सुट्टीतला पगार मिळतो का, मेसचे पैसे कापतात का, हे सगळं जॉईन व्हायच्या आधी मेलवर लिहून घे. विचारायला लाजू नकोस.

आता मुख्य गोष्ट. शाळा तुला गॅदरिंगवरून जोखणार. दिवाळीनंतर जो तो तुला कॉस्च्युम, बॅकड्रॉप, माईक, इंटर-हाऊस स्पर्धा यातच बुडवून टाकणार आणि ते करावं लागेलच, त्यात वाद नाही. पण मला विचारशील तर तुझं खरं काम रात्रीचं जेवण झाल्यापासून लाईट ऑफ होईपर्यंतचं. बाहेरून येणारे सर शिकवून घरी जातात, तो तास फक्त तिथे राहणाऱ्यालाच मिळतो, म्हणून गॅदरिंगच्या तालमीसाठी सुद्धा तो देऊन टाकू नकोस. म्युझिक रूम उघडी ठेव, कोणी आलं तर ठीक, नाही आलं तरी तू बसून वाजव. रविवारी घरचा फोन होऊन गेला की पाचवी-सहावीतली पोरं जेवत नाहीत, एखादं दाराशी येऊन नुसतं उभं राहतं. त्याला काय झालं म्हणून खोदून विचारू नकोस, हातात मंजिरा, म्हणजे छोटे टाळ दे आणि तू केरवा, म्हणजे आठ मात्रांचा साधा ताल धर. पहिल्यांदा चुकीच्या मात्रेवर वाजवतं, मग तुझ्या हाताकडे बघायला लागतं, आणि ताल दोन-चारदा फिरला की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर बरोबर येतं. बोलायचं असेल तर नंतर आपणहून बोलतं.

याच पाचगणीच्या एका बोर्डिंगमध्ये फारुख बुलसारा नावाचा मुलगा पियानो शिकला आणि शाळासोबत्यांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणायला लागलं. प्रत्येक पोर तसं होणार म्हणून नाही सांगत, पण घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना एकत्र वाजवायला जागा आणि वेळ मिळाला की ती काय करू शकतात ते बघ.

आठवी-नववीतल्या मुलांना सांभाळ. आवाज फुटतो, गेल्या वर्षी काळी चारच्या उंच पट्टीत सोलो गाणारा मुलगा यंदा वरच्या सा ला चिरकतो, बाकीची पोरं हसतात आणि तो गाणंच सोडतो. त्याला कॉयरमधून काढू नकोस, त्याची पट्टी खाली आण, वरच्या जागा दुसऱ्याला दे, त्या काळात ढोलकी किंवा कीबोर्डवर बसव. नाटकात पण तेच बघ, दरवर्षी मेन रोल त्याच चार जणांना जातो कारण शाळेला सेफ वाटतं. एखादं तरी महत्त्वाचं पात्र नव्या पोराला दे आणि त्याची तालीम लवकर सुरू कर.

नाटक निवडताना एक लक्षात ठेव, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शाळेला सूट आहे, पण प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, स्टाफ, पालक एवढेच असतील तर. बाहेरच्या लोकांना तिकीट लावून बोलावलं किंवा प्रयोग यूट्यूबवर टाकला तर लेखकाची परवानगी घ्यावी लागते.

आणि हे नीट वाच. मुलं तुला ताई म्हणतील, बिलगतील, तरी एकट्या मुलाला शिकवताना दार उघडं ठेव, त्यांना तुझ्या राहत्या खोलीत बोलवू नकोस, पर्सनल नंबरवर चॅट नको. कोणी काही वाईट घडल्याचं सांगितलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ज्याला कळलं किंवा नुसती शंका आली त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, प्रिन्सिपलना सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं असं होत नाही. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, चाइल्डलाइनचा, १०९८ नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेव.

तुझा स्वतःचा रियाज सकाळी पीटीच्या घंटेआधी उरक. नंतर करू म्हटलंस तर होणार नाही, तिथे दर पाच मिनिटांनी कोणीतरी दार वाजवतं.

जूनमध्ये चाललीयेस म्हणजे थेट पावसाच्या तोंडावर. तिथे धुकं खिडकीतून आत येतं, तबल्याचं चामडं सैल पडून स्वर उतरतो, पेटीच्या पितळी रीड्स काळ्या पडतात. वाद्यांच्या कपाटात एक छोटा बल्ब लावून घे, उष्णतेने दमट हवा कमी होते, फक्त वाद्यांपासून लांब लाव. तबल्याचा स्वर चढवताना गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, एकाच बाजूने ठोकत बसू नकोस, फिरवून फिरवून थोडं थोडं ठोक, नाहीतर पुडी, म्हणजे वरचं चामडं, एका बाजूला चढी आणि दुसऱ्या बाजूला उतरलेली राहते. तुझ्या तबल्याची पुडी जुनी झालीये ना, ती पुण्यातच बदलून घे, भर पावसात घाट उतरून कारागीर शोधत बसू नकोस.

तुझी,
बाई